अकरा घरांचा गोबरगॅस

अंथुर्णे
२७ जानेवारी १९९६

बिरदेव,

पत्राच्या डोक्यावर थोरल्या बहिणीनं आशीर्वाद लिहायचा असतो, हे मला माहीत आहे. आज लिहिलेला नाही.

तुझ्या रामनं तुला सगळं सांगितलंच असेल. तुझी कामं बघतो, तुझी मोटारसायकल वापरतो, म्हणजे तुझ्या बाजूनंच सांगणार. म्हणून माझ्या हातचंही वाच.

पुण्याची तपासणी काल नाही, परवा आली. दोन साहेब आणि करुणा मॅडम म्हणून एक बाई. सरकारनं वस्तीवर ज्या गोबरगॅसला अनुदान दिलं, ते जागेवर आहेत का, बघायला आले होते. तू रामला शिकवून पाठवलं होतंस. सगळ्यांना माझ्या अंगणात बसवायचं, माझी शेगडी पेटवून दाखवायची, त्याच शेगडीवरचा चहा पाजायचा आणि गाडीत घालून लावून द्यायचं. साहेब लोकांनी चहा घेतला, जाळ निळा आहे म्हणून कौतुक केलं आणि उठलेसुद्धा. मॅडम तेवढ्या बसून राहिल्या. म्हणाल्या, "बाकीचे अकरा कुठं आहेत?"

राम म्हणाला, "पलीकडं हायेत मॅडम, पर लई चिखल हाय. गाडी जायाची न्हाय."

जानेवारीत चिखल, बिरदेव. तुझ्या माणसाला खोटंही धड बोलता येत नाही.

मग मॅडमनी मलाच विचारलं, "ताई, बाकीच्या घरी गॅस पेटतो का?"

मी म्हणाले, "न्हाय."

राम माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या अंगावर उकळतं पाणी टाकलं. मी पदर खोचला आणि त्यांना घेऊन निघाले. आधी ज्ञानूदादाच्या दारात नेलं. तिथं तू खणलेला खड्डा आहे आणि त्यात कमरेइतकी वीट बांधलेली आहे. घुमट नाही, नळी नाही, काही नाही. त्याच्या बायकोनं, ताईबाईनं, वरून बाभळीच्या फांद्या टाकल्यात. मॅडमनी विचारलं, फांद्या कशाला? तर ताईबाईनं आपल्या नातीला पुढे केलं.

तेजश्री तुला आठवत नसेल. गेल्या पावसाळ्यात ती याच खड्ड्यात पडली. मांडीचं हाड मोडलं. बारामतीच्या दवाखान्यात तिचा पाय वजन लावून टांगला होता. आता चालते, पण एक पाय ओढत चालते. तेव्हा मी तुझ्याकडे आले होते. म्हणाले होते, बाबा, निदान ते खड्डे तरी बुजव. तू फोन ठेवलास आणि म्हणालास, "पोरांवर लक्ष ठेवायला नको का त्यांनी?" तुझी बायको आत पोहे करत होती. मी ते न खाता निघाले, ते तुझ्या ध्यानात पण आलं नाही.

मी काय बोलले याचा राग आला असेल तर तो ठेव. मला तुझा त्याहून जास्त आला आहे.

सिंधू


अंथुर्णे
१९ फेब्रुवारी

बिरदेव,

स्वतः यायला तोंड नव्हतं म्हणून आईला पाठवलंस. सत्तरीच्या बाईला लोणी भापकरहून बारामती, बारामतीहून अंथुर्णे, दोन एसट्या बदलायला लावल्यास. स्टँडवरून वस्तीपर्यंत उन्हातून चालत आली.

मी भाकरी केली, तिच्या आवडीची हुलग्याची पिठी केली. ताटाला हात लावला नाही तिनं. म्हणाली, "आदी मला शबूद दे. मग जेवते."

"कसला शबूद?"

"इंदापूरला कचेरीत जाऊन सांगायचं, माझा समज चुकला. बाकीच्यांचं काम चालू हाय, पुरं व्हायचं हाय."

मी म्हणाले, "आय, दोन वर्सं झाली. कुठलं काम चालू हाय?"

तर मला म्हणते, "सिंदे, तो तुजा पाठचा हाय. त्येला बेड्या पडल्या तर तुज्या म्हायेराला कुलूप लागंल."

बघ, काय शिकवून पाठवलंस तिला. मी तिचा हात धरला आणि तिला वस्तीभर फिरवलं. ती येत नव्हती. गुडघे दुखतात म्हणाली. मी म्हणाले, ज्या गुडघ्यांनी हितवर आलीस त्याच गुडघ्यांनी चल. मी आईशी आजवर असं बोलले नव्हते. ज्ञानूदादाचा खड्डा दाखवला, गेणूचा दाखवला, मुक्ताबाईच्या गोठ्यामागचा दाखवला. मुक्ताबाईच्या खड्ड्यात पाणी साठून हिरवं झालंय, डासांनी उभं राहवत नाही. आई प्रत्येक ठिकाणी डोकावली आणि पुढे चालली. मला वाटलं, घरी गेल्यावर बोलेल. घरी येऊन तिनं पिशवी उचलली. "सांजच्या गाडीनं जाते," म्हणाली.

तुझे दाजी तिला स्टँडवर सोडून आले. तिनं वाटेत त्यांना एवढंच विचारलं म्हणे, "जावाई, समद्यांनी फोटू तुमच्याच दारात काढलं का?"

हो, आमच्याच दारात. तुझी बहीण म्हणून माझा गॅस तू झकास बांधून दिलास. पहिल्या दिवशी जाळ पेटला तेव्हा मी शेगडीला हळदकुंकू वाहिलं होतं. पंधरवड्यानं तू फोटोवाला आणलास आणि एकेका घराला माझ्या घुमटापुढे उभं केलंस. त्यांना सांगितलंस, अनुदानाला फोटो आधी लागतो, बांधकाम मागून होतं. बँकेत नेऊन अंगठे घेतलेस. पैसा त्यांच्या हाती घटकाभरही राहिला नाही. तुझे दाजी स्वतः घरोघर जाऊन सांगत होते, माझा मेहुणा आहे, बिनघोर करा.

आईला परत पाठवू नकोस.

सिंधू


अंथुर्णे
२३ एप्रिल

बिरदेव,

तुला आता गुदगुल्या होत असतील. नोटिसा आल्या आहेत. तुझ्या नावानं नाही. अकरा घरांच्या नावानं.

तलाठ्यानं एक वाचून दाखवली. सदर संयंत्र जागेवर आढळून आले नसल्याने लाभधारकाने अनुदान परत भरावे, अन्यथा जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करण्यात येईल. लाभधारक म्हणजे ज्ञानूदादा. लाभधारक म्हणजे मुक्ताबाई, जिच्या दारात डासांशिवाय कसलाच लाभ आलेला नाही. आणि ज्यानं पैसा उचलला त्याचं नाव त्या कागदावर कुठंच नाही. खड्डे बघून गॅस पुरा झाला असा दाखला ज्या साहेबानं दिला, त्याचंही नाही.

मला नोटीस आली नाही. माझा गॅस जागेवर आहे ना.

आता वस्ती माझ्याशी कशी वागते ते ऐक. नळावर मी गेले की बायका घागरी भरायच्या सोडून बाजूला होतात. ताईबाई आणि मी एका वर्षी या गावात नांदायला आलो. तिच्या सुनेचं बाळंतपण मी केलं. ती परवा सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या भावानं खाल्लं, हिनं सांगितलं आन् भरायचं आमी. हिची शेगडी पेटतीया अजून."

खरंच पेटत होती.

तुझे दाजी दूध घालायला डेअरीवर जातात. कॅन खाली ठेवायला कुणी हात लावत नाही, कुणी रामराम घालत नाही. मला बोल लावला नाही त्यांनी. त्या दिवशी चहा पुढे ठेवला तर उठून शेगडीचा कॉक बंद केला. म्हणाले, "तू बोल्लीस ते बराबर बोल्लीस. पर ह्या जाळावरचा चहा माज्या नरड्याखाली उतरत न्हाय." त्या दिवसापासून मी अंगणात तीन दगड मांडून सरपणावर करते.

मी पुण्याला करुणा मॅडमना अर्ज पाठवला. लिहिलं, मॅडम, तुम्ही विचारलं म्हणून मी खरं सांगितलं, आणि दंड तुम्ही गरिबाला लावला, यापुढे तुम्हाला कोण खरं सांगेल? त्यांचं उत्तर आलं. नोटिसा खालच्या कचेरीतून निघाल्या, त्यांना विचारून निघाल्या नाहीत. जूनमध्ये इंदापूरला सुनावणी लावली आहे. त्या स्वतः येणार आहेत. तुलाही बोलावणं आहे.

ये. वस्तीसमोर उभा राहा. मी तुझ्याकडे शेवटचं काही मागत असेन तर हे.

सिंधू


अंथुर्णे
१५ जून

बिरदेव,

आलास. पांढरा सफारी घालून, वकील घेऊन आलास. माझ्यासमोरून गेलास आणि ओळख दाखवली नाहीस. तेही मी सोसलं असतं.

मॅडमनी तुला सरळ विचारलं, काम का झालं नाही? तू म्हणालास, पैसे लाभधारकांनी परस्पर खर्च केले, लग्नकार्यं केली, बांधकामाला मला दिले नाहीत. ज्ञानूदादा खाली मान घालून ऐकत होता. त्याच्या घरात गेल्या दहा वर्षांत लग्न झालेलं नाही. मग मॅडम म्हणाल्या, "तुमची सख्खी बहीण तुमच्या विरोधात सांगते आहे." आणि तू हसलास. मी तुझ्या तोंडाकडेच बघत होते. हसून म्हणालास, "मॅडम, तिला वडिलांच्या जमिनीत वाटा पाहिजे. मी देत नाही म्हणून हे चाललंय."

बिरदेव, आपला बाप मेला तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. जमिनीचा विषय मी तोंडातून कधी काढला? तुझ्या शाळेसाठी तुझ्या दाजींनी दोन वर्षं आपल्या उसाचा पैसा घातला, तो तरी परत मागितला का? आणि तू भरल्या सभेत मला वाटणीची हावरी ठरवलंस. मी उठले. खुर्चीला धरून उभी राहिले.

तेव्हा ताईबाई उठली. तिला कुणी ऊठ म्हणालं नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, ह्या बाईशी मी दोन महिनं झालं बोलत न्हाय. आजबी बोलायची न्हाय. माजा राग हाय तिच्यावर. पर ती खोटं बोलत न्हाय. जमीन पायजे असती तर तिनं आपल्या घरातला गॅस कशाला बंद केला असता?"

मॅडमनी विचारलं, "बंद केला?"

"तीन दगडावर भाकऱ्या थापतीया. या बघायला."

मग गेणू उठला, मुक्ताबाई उठली. एकेकानं सांगितलं, फोटो कुठं काढला, बँकेत कोण घेऊन गेलं, बँकेच्या दारात पैसे कुणी हातातून घेतले. तुझा वकील मध्ये मध्ये उठत होता. मॅडम त्याला म्हणाल्या, "तुमची पाळी येईल. बसा." तेजश्रीला आणली होती. ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला पाणी प्यायला गेली आणि आली. तिला कुणी चाल म्हणालं नव्हतं. पण सगळे तिच्याकडे बघत होते. तू तेवढा खिडकीबाहेर बघत होतास.

निकाल तुला कळला आहे. अकरा घरांची वसुली रद्द झाली. पोळ्याच्या आत तू तुझ्या खर्चानं सगळी कामं पुरी करायची, नाही तर तुझ्यावर गुन्हा. दाखला देणाऱ्या साहेबाबद्दल मॅडमनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, आठवत नाही. एवढंच तुला आठवत नाही. माझी हाव बरोबर आठवली.

बाहेर पडताना तू ताईबाईच्या अंगावर गेलास आणि म्हणालास, "बघून घेतो." तिनं तुला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, "बघ की."

येताना ती आणि मी एकाच एसटीत, एकाच बाकावर बसलो होतो. खरंच बोलली नाही. उतरताना तिनं माझी पिशवी मात्र उचलली.

राखीला येणार नाही. वाट बघू नकोस. बघणार नसशीलच.

सिंधू


अंथुर्णे
१६ सप्टेंबर

बिरदेव,

तुझी माणसं गेली. अकराही घुमट झाले. पहिल्यांदा राम निम्मं सिमेंट आणि निम्मी माती कालवायला लागला, पण मुक्ताबाई पाट मांडून तिथंच बसली. रोज एकेका घरातली बाई बसायची. मॅडम दोनदा येऊन गेल्या. ताईबाईच्या घरी जाळ पेटला, त्या दिवशी तिनं मला हाक मारली. बाकी काय बोललो ते तुला सांगायचं कारण नाही. तुझ्या दाजींनी आमचा कॉक उघडला.

मला वाटलं होतं, इथं संपलं. मग तुझं पत्र आलं. आयुष्यातलं तुझं पहिलं पत्र मला, आणि त्यात काय, तर "आक्का, मी एकट्यानं खाल्लं नाही. वरपासून खालपर्यंत सगळ्यांना द्यावं लागतं. साहेब आज बढती घेऊन दुसरीकडे गेला आणि बदनाम मी झालो."

हे मला कशाला सांगतोस? मी काय साहेबाची नेमणूक केली होती? इंदापूरला तुला नावं विचारली तेव्हा तुला आठवत नव्हतं. आता आठवतायत तर जा, मॅडमपुढे बस आणि सांग. एकट्यानं खाल्लं नाहीस याची लाज दुप्पट आहे, बिरदेव, निम्मी नाही.

तुझ्या पत्रानं माझं मन थोडं हललं होतं, हे खोटं कशाला बोलू. दोन दिवस मी ते उशाखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ भीमा आला लोणीहून. सहज म्हणाला, "आक्का, बरं झालं, बिरदेव आता आपल्या गावात गोबरगॅस आणतोय. वहिनीच्या नावानं संस्था काढलीया. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत लाभार्थ्यांची नावं वाचणार. पहिलं नाव तुज्या आयचंच हाय."

मी त्याला विचारलं, "फोटू कुठं काढणार?"

त्याला काही समजलं नाही. तुला समजेल.

ज्या हातानं तू मला ते पत्र लिहिलंस, त्याच हातानं त्याच आठवड्यात लोणीची यादी लिहिलीस. आता तुझं ते पत्र तुला परत पाठवते आहे, याच पाकिटात आहे. ग्रामसभेला मी येणार. माहेरवाशीण म्हणून नाही. अंथुर्ण्याची एक बाई म्हणून येणार. सोबत ताईबाई आहे आणि ज्ञानूदादा आहे. अडवायचं असेल तर माणसं घालून ठेव.

सिंधू


अंथुर्णे
५ ऑक्टोबर १९९६

बिरदेव,

तू ग्रामसभेतून मध्येच उठून गेलास, म्हणून पुढचं लिहिते.

तू बसला होतास तोपर्यंत मीच बोलत होते. अंथुर्ण्यात काय झालं ते सांगत होते. लोक ऐकत नव्हते, हे मला दिसत होतं. कुणी तरी मागून म्हणालं, "भावाबहिणीचं भांडण घरी करा." कुणी म्हणालं, "जमिनीचं हाय वो ते." म्हणजे तुझं ते बोलणं लोणीपर्यंत आधीच पोचलं होतं. ज्ञानूदादा बोलायला उठला तर त्याला विचारलं, तुम्ही कुठले, तुमचं हितं काय काम? ग्रामसेवक घाई करत होता. मी खाली बसले. खरं सांगते, मी हरले होते. ताईबाई मला कोपरानं ढोसत होती आणि माझ्यानं उठवत नव्हतं.

मग ग्रामसेवकानं पहिलं नाव वाचलं. कुशाबाई. आई पुढं बायकांत बसली होती. मी आल्यापासून तिनं मान वळवली नव्हती. शिपाई शाईचा डबा घेऊन तिच्यापुढं गेला. तिनं हात पदरात घेतला.

ग्रामसेवक म्हणाला, "आजी, अंगठा द्या. तुमच्याच लेकाचं काम हाय."

ती म्हणाली, "म्हनून तर देत न्हाय."

तेव्हा तू उठलास. तिच्याजवळ जाऊन काही तरी दबक्या आवाजात बोललास. काय बोललास ते मला ऐकू आलं नाही. तिनं उत्तर मोठ्यांदा दिलं. "मी समदं खड्डं बघितल्यात. हितं रोज शाळंची पोरं पळत्यात त्या आळीत तू असलंच खणणार. जा." तू चप्पल घातलीस आणि गेलास. तुझ्या मागोमाग गाडीचा आवाज आला.

पुढचं हे. तू गेल्यावर ग्रामसेवकानं दुसरं नाव वाचलं. तो माणूस आईकडे बघून म्हणाला, "आदी त्या पहिल्या नावाच्या घरी बांधा, मग माझ्याकडं या." तिसरा नुसता उठून गेला. यादी तिथंच थांबली. गावानं ठराव घातला की तपासणी झाल्याशिवाय तुझ्या संस्थेला काम नाही. ठरावाची नक्कल मॅडमना गेली आहे.

आईला फेब्रुवारीत मी हाताला धरून फिरवलं, तेव्हापासून ती तेच बघत असणार. सात महिने तिनं ते कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही, मलाही नाही.

ती माझ्याबरोबर आली आहे. मी चल म्हटलं नव्हतं. मी एसटीत चढले तर ती माझ्या मागे पायरीवर होती, हातात नुसती पिशवी. इथं आल्यावर पहिल्यांदा म्हणाली, "वाढ." जेवली. मग मला लिहायला बसवलं. हे पत्र तिनं लिहायला लावलंय. वरचं माझं आहे, पण शेवटचं तिचं आहे, जसंच्या तसं लिहिते.

"बिरद्या, मला न्यायला येऊ नकोस. आदी पुण्याला त्या बाईकडं जा. कुणाकुणाला दिलं त्यांची नावं सांग. सांगितलीस म्हंजे तीच मला कळवंल. मग ये. तवर मी लेकीकडं हाय, आन् तुला आय न्हाय."

खाली अंगठा तिचाच आहे.

सिंधू